उडते ते सगळेच अस्थिर नसते

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या देवघरात कापराची डबी उघडी राहिली, तर वड्या दिवसागणिक लहान होत जातात. कापूर न वितळता थेट वाफ होऊन उडतो. डबीत मिरे टाकायची पद्धत जुनी, पण खरे काम घट्ट झाकणच करते. आतली हवा कापराच्या वाफेने भरली की जेवढा उडतो, तेवढाच परत वडीवर बसतो.

लॅटिनमध्ये ‘व्होलारे’ म्हणजे उडणे. त्यावरून इंग्रजीतला ‘व्होलाटाइल’. शब्दकोशातला ‘अस्थिर’ उचलून सगळीकडे चिकटवला की गफलत होते. रसायनशास्त्रात ‘व्होलाटाइल’चा अर्थ बाष्पनशील, म्हणजे सहज वाफ होऊन उडणारा, एवढाच. बडोद्याशेजारच्या कोयली रिफायनरीतले पेट्रोल झपाट्याने उडते, पण बंद टाकीत आपोआप फुटत नाही. नायट्रोग्लिसरीन त्यामानाने फारच कमी उडते आणि धक्क्याने फुटते. अस्थिर म्हणायचे ते त्याला. पेट्रोलची खरी भीती वाफेची. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते.

माणसाला हा शब्द लावला की तो घडीत हसणारा, घडीत भडकणारा.

संगणकात व्होलाटाइल म्हणजे वीज जाताच पुसली जाणारी मेमरी. नेहमीच्या रॅममध्ये प्रत्येक बिट म्हणजे इवल्याशा कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या घटकात) साठलेला विद्युतभार. तो गळत राहतो, म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. ‘सी’ या प्रोग्रामिंगच्या भाषेत मात्र हाच शब्द कंपायलरला, म्हणजे प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्याला, बजावतो: ही किंमत बाहेरून, समजा सेन्सरमुळे, बदलू शकते, जुनी धरून बसू नकोस, दर वेळी नव्याने वाच. पण प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे दोन भाग, म्हणजे थ्रेड, एकाच किंमतीवर ओढाताण करू लागले, तर ती या शब्दाने मिटत नाही. नवशिके नेमके इथेच फसतात.

शेअर बाजारात हाच शब्द चढउताराचे माप होतो, आणि या मापाला दिशा नसते. इंडिया व्हीआयएक्स हा अपेक्षित चढउतार वार्षिक टक्क्यांत सांगणारा निर्देशांक. तो 16 असेल, तर वर्षातली बाजाराची सुमारे 252 सत्रे धरून त्यांचे वर्गमूळ काढा: जवळपास 16. व्हीआयएक्सच्या 16 ला त्याने भागले की 1. म्हणजे बाजार दिवसाला साधारण एक टक्का हलेल अशी अपेक्षा. वर की खाली, ते व्हीआयएक्स सांगत नाही.