मोड नव्हे, चीर

"आर्यनला मूळव्याध झालीय," तासगावहून बहिणीचा फोन. पाच वर्षांचं पोर, चड्डीला रक्ताचा ठिपका, आणि शेजारच्या काकूंनी बघून सांगितलेलं, "मोड आलाय." मोड होताच, म्हणजे गुदद्वाराच्या कडेला तांदळाएवढा मांसाचा कोंब. पण तो मूळव्याधीचा नव्हता.

मूळव्याध बाहेरून उगवत नाही. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या आपल्या सगळ्यांनाच जन्मापासून असतात. वर्षानुवर्षं कुंथून त्या सुजल्या, खाली घसरल्या, की आपण मूळव्याध म्हणतो. लहान मुलांमध्ये हे क्वचितच होतं, आणि झालंच तर डॉक्टर यकृताच्या रक्तवाहिन्यांमध्ये दाब वाढलाय का तेही तपासतात. मुलांच्या शौचावर लाल रक्ताची रेघ दिसली आणि जाताना ते किंचाळत असेल, तर बहुतेक वेळा ती चीर असते, डॉक्टर जिला फिशर म्हणतात. कडक खडा बाहेर येताना कडेची नाजूक त्वचा फाटते. चीर जुनी झाली की तिच्या टोकाशी त्वचेचा कोंब वाढतो. काकूंना दिसलेला मोड तोच.

मी गेले तेव्हा आर्यन दाराआड उभा होता. टाचा उचललेल्या, पाय एकमेकांत अडकवलेले, चेहरा लालबुंद. बहीण म्हणाली, "बघ, किती जोर लावतोय!" तो जोर लावत नव्हता, शी आत धरून ठेवत होता. एकदा दुखलं की मूल पुढच्या वेळी टाळतं. आत राहिलेल्या शौचातलं पाणी आतडं शोषत राहतं, खडा आणखी टणक होतो आणि चीर पुन्हा उकलते. असं महिनोन्‌महिने चाललं तर गुदाशय, म्हणजे शौच साठतं तो आतड्याचा शेवटचा भाग, ताणून सैल पडतो, भरल्याची जाणीवच बोथट होते. मग अडकलेल्या खड्याच्या बाजूने पातळ शी चड्डीत झिरपते. आई-वडिलांना ते जुलाब वाटतात आणि औषध उलटं दिलं जातं.

म्हणून घरचे उपचार मोडावर नकोत, खड्यावर हवेत. मूल बसू शकेल अशा टबात कोमट पाणी, दिवसातून दोन-तीनदा, 10 मिनिटं. त्याने आवळलेला स्नायू सैल पडतो आणि चिरेला रक्तपुरवठा सुधारतो. शौचापूर्वी बाहेरून थोडं व्हॅसलीन. जेवण पोटात उतरलं की मोठं आतडं आपसूक हालचाल करतं, तेव्हा जेवणानंतर 5-10 मिनिटं बसवायचं, न ओरडता. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या. लोंबकळत्या पायांनी नीट होत नाही.

खाण्यातल्या चोथ्याचा, म्हणजे फायबरचा, सोपा हिशेब असा की वयात 5 मिळवा, तेवढे ग्रॅम रोज. म्हणजे आर्यनला 10. यातले निम्मे 100 ग्रॅम पेरूत मिळतात. ज्वारीची भाकरी, साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा, पालेभाजी आहेच. बेदाण्याच्या गावात राहून पोराच्या हातात खारी आणि बिस्किटं, याचं मला खरंच हसू आलं. मूठभर बेदाणे रात्री भिजवून सकाळी द्यावेत. चार वर्षांखालच्या मुलाला कुस्करूनच, घशात अडकतात. सोबत पाणी भरपूर. दूध अर्ध्या लिटरवर जात असेल तर कमी करा, कारण दुधाने पोट भरलेलं मूल भाकरी खात नाही.

विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून घालणं, साबणाची कांडी, हे आजीचे उपाय मात्र नकोत. आधीच फाटलेल्या जागी तो ओरखडा असतो, आणि पोराची भीती दुप्पट होते. मोठ्यांची मूळव्याधीची मलमंही मनाने लावू नयेत. एनिमा तर घरी नकोच.

रक्त न दुखता पडत असेल तर पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आत वाढलेला मांसाचा कोंब, असू शकतो. शी डांबरासारखी काळी, रक्त शौचात मिसळलेलं, पोट फुगून उलट्या, ताप, वजन उतरणं, बाहेर आलेला भाग आत न जाणं, किंवा जन्मल्यापासूनची बद्धकोष्ठता, यातलं काहीही दिसलं तर टबात बसवत बसू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा.

आर्यनला डॉक्टरांनी शौच मऊ करणारं पातळ औषध दिलं. आठवड्यात रक्त थांबलं आणि बहिणीने बाटली फडताळात ठेवून दिली. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तोच ठिपका. चीर मिटते लवकर, पण ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला महिने लागतात, म्हणून डॉक्टर सांगतील तोवर औषध सोडायचं नसतं. दुसऱ्या खेपेला ते चार महिने चाललं.