वाळवंटातली फिकी रेड वाइन

अर्जेंटिनातल्या मेंडोझाचं नाव निघालं की वाइन पिणाऱ्यांना माल्बेक आठवते. जांभळी-काळी, जड, चौदा टक्के अल्कोहोलची. त्याच मातीत, त्याच उन्हात क्रिओया चिका नावाची दुसरी लाल द्राक्षं पिकतात, आणि त्यांची वाइन इतकी फिकी होते की ग्लासामागे धरलेलं बोट स्पष्ट दिसतं. मला कुतूहल आहे ते या दुसरीचं.

मेंडोझात वर्षाकाठी साधारण 200 मिलिमीटर पाऊस पडतो. पॅसिफिकवरून आलेले ढग अँडीज चढताना चिलीच्या बाजूलाच रिते होतात. सह्याद्री ओलांडून माणदेशात उतरलं की हेच दिसतं, फक्त अँडीजचा डोंगर 6,900 मीटरच्या वर जातो. शेती चालते ती बर्फाच्या पाण्यावर. स्पॅनिश येण्याआधीपासून इथले वार्पे लोक पाट काढत होते. आजही कित्येक बागांना पाणी पाळीनंच मिळतं, आणि शहरात रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्याशी पाट वाहतात.

असं निरभ्र ऊन म्हणजे द्राक्षात भरपूर साखर, आणि जितकी साखर तितकं अल्कोहोल. त्यात उंची. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, आणि त्यांच्यापासून बचाव म्हणून द्राक्षाची साल रंगद्रव्यं साठवते. माल्बेक हे काम जोरात करते. क्रिओयाच्या सालीत मुळातच रंग कमी, तो तिच्या वाणाचा गुण. शिवाय तिच्या वेली बऱ्याचदा मांडवावर असतात, नाशिककडच्या बागांसारख्याच, त्यामुळे घड पानांच्या सावलीत लोंबतात. आणि बहुतेक लाल द्राक्षांचा रस बिनरंगीच असतो, रंग येतो तो सालीतून. रस सालीबरोबर थोडेच दिवस ठेवला की काम झालं.

मग ही वाइन मिळमिळीत का लागत नाही? वाळवंटातल्या गार रात्रींमुळे. द्राक्षातलं मॅलिक आम्ल मण्याच्या श्वसनात जळतं, आणि उष्णता वाढेल तसं जास्त जळतं. रात्री पारा घसरला की हे जळणं मंदावतं, आंबटपणा शिल्लक राहतो.

वाण जुना आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर अमेरिकेत आलेला लिस्तान प्रिएतो तो हाच, हे डीएनए चाचणीत सिद्ध झालं. चिलीत त्याला पाइस म्हणतात, कॅलिफोर्नियात मिशन. अर्जेंटिनाची सुगंधी पांढरी तोरोंतेस हे त्याचंच आणि मस्कत नावाच्या द्राक्षाचं अपत्य. एवढं घराणं असूनही विसाव्या शतकात क्रिओयाची ओळख स्वस्त, घाऊक वाइनची द्राक्षं एवढीच उरली. लोक असली वाइन सोडा आणि बर्फ घालून पीत.

आता जेवणाकडे. मेंडोझाच्या एम्पानादात, म्हणजे करंजीसारख्या पदार्थात, खिमा, भरपूर कांदा, उकडलेलं अंडं आणि ऑलिव्ह असतं, आणि ती भट्टीत भाजतात. वाइनमधली टॅनिन्स लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, जीभ कोरडी पडते, त्यालाच आपण तुरट म्हणतो. मांसातली प्रथिनं आणि चरबी हीच टॅनिन्स आधी गुंतवतात, ऑलिव्हचं मीठ कडवटपणा दाबतं. क्रिओया फिकी असली तरी थोडी तुरट असतेच, म्हणून हा घास तिला मानवतो. मोठ्या आसादोच्या, म्हणजे निखाऱ्यांवर मांस भाजायच्या मेजवानीच्या, चरबीदार बरगड्यांसमोर मात्र ती हरवते, तिथे माल्बेकच हवी.

रेड वाइनबरोबर मासा वर्ज्य, हा नियम मला अर्धाच पटतो. तोंडात येणारा उग्र वास रंगामुळे येत नाही. वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी क्रिया करतं म्हणून येतो. लोह कमी असलेली रेड माशाबरोबर चालून जाते, पण लोहाचं प्रमाण बाटलीवर लिहिलेलं नसतं, तेव्हा बांगड्यावर प्रयोग करायचा तर आधी एक घोट.

तिखटाचा हिशेब वेगळा. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीला चेतवतं. तो एरवी 42 अंशांच्या आसपास जागा होतो, अल्कोहोलच्या सान्निध्यात मात्र 34 अंशांनाच, म्हणजे तोंडाच्या नेहमीच्या तापमानालाही. म्हणून मटणाच्या झणझणीत रश्श्याबरोबर चौदा टक्क्यांची वाइन आग वाढवते. बारा-साडेबाराची फिकी रेड बरी, तीही गार करून. गारव्यानं तुरटपणा वाढतो, त्यामुळे माल्बेक फ्रीजमध्ये ठेवली तर कडवट लागते, क्रिओयाला तो त्रास कमी. 12 ते 14 अंश पुरेत, म्हणजे उन्हाळ्यात जेवणाआधी साधारण दोन तास फ्रीजमध्ये.