वेबरिंगसाठीची मुक्तस्रोत सॉफ्टवेअर

वेबरिंग म्हणजे समान विषयाच्या किंवा एकाच गोतावळ्यातल्या संकेतस्थळांनी एकमेकांना दुवे देऊन केलेले कडे. प्रत्येक सदस्य आपल्या पानावर ‘मागील’ आणि ‘पुढील’ असे दुवे लावतो. अनेक रिंगांत यादीतल्या कोणत्याही एका स्थळावर नेणारा तिसरा दुवाही असतो. ‘पुढील’वर टिचकी मारत राहणारा वाचक सगळी स्थळे फिरून जिथून निघाला तिथेच परत येतो. हे कडे जुळलेले ठेवणे, नवे सदस्य घेणे आणि बंद पडलेली स्थळे वगळणे ही कामे करणाऱ्या, स्रोत खुला असलेल्या आज्ञावल्यांचा या नोंदीत विचार केला आहे.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये डेनिस हाऊ यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली ‘युरोपा’ ही पानांची एकाच दिशेने वाढत जाणारी साखळी या कल्पनेचे सुरुवातीचे रूप मानली जाते. सेज वाइल यांनी लिहिलेल्या सीजीआय आज्ञावलीने (म्हणजे सर्व्हरवर चालून प्रत्येक विनंतीला उत्तर देणाऱ्या आज्ञावलीने) खरी सोय केली. सदस्यांचे दुवे थेट शेजाऱ्याकडे न जाता मध्यवर्ती सर्व्हरकडे जात आणि तो वाचकाला पुढे पाठवत असे. त्यामुळे नवा सदस्य आला तरी इतरांना आपली पाने बदलावी लागत नसत. मात्र सगळ्या रिंगांची सूत्रे एकाच ठिकाणी एकवटली. ही सेवा १९९७ मध्ये स्टारसीड या कंपनीकडे, १९९८ मध्ये लोकांना संकेतस्थळांसाठी जागा देणाऱ्या जिओसिटीजकडे आणि जिओसिटीजच्या खरेदीबरोबर १९९९ मध्ये याहूकडे गेली. याहूने २००० मध्ये तिची रचना मुळापासून बदलली. अनेक रिंगचालक नाराज होऊन बाहेर पडले आणि २००१ मध्ये याहूने सेवा सोडून दिली. आपली रिंग आपल्याच सर्व्हरवर चालवू देणाऱ्या सॉफ्टवेअरचे मोल या प्रसंगातून स्पष्ट दिसते. पर्ल भाषेतले रिंगलिंक हे त्या पिढीतले ठळक उदाहरण.

आज्ञावलीचा गाभा अगदी छोटा असतो. सदस्यांची क्रमवार यादी घ्यायची, वाचक कोणत्या स्थळावरून आला ते ओळखायचे, त्या क्रमांकात एक मिळवायचा किंवा वजा करायचा, यादी संपली की दुसऱ्या टोकाकडे वळायचे आणि त्या पत्त्यावर पाठवायचे. तरी दोन जागी हमखास चुका होतात. पहिली पुनर्निर्देशनाची, म्हणजे वाचकाला दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याची: सर्व्हर ब्राउझरला देतो तो ३०१ हा संकेत ‘कायमचे स्थलांतर’ सांगतो आणि ब्राउझर तो लक्षात ठेवू शकतो, त्यामुळे यादी बदलली तरी वाचक जुन्याच शेजाऱ्याकडे जात राहतो. इथे ३०२ हा तात्पुरता संकेतच हवा. दुसरी, वाचक कुठून आला हे रेफरर शीर्षकावरून (ब्राउझर विनंतीसोबत पाठवतो त्या आधीच्या पानाच्या पत्त्यावरून) ओळखण्याची. आजचे ब्राउझर दुसऱ्या स्थळाकडे जाताना सहसा फक्त डोमेन कळवतात, काही वेळा तेही नाही. एकाच डोमेनखाली अनेकांची पाने असली तर सगळाच गोंधळ. म्हणून प्रत्येक सदस्याची ओळख त्याच्या दुव्यातच लिहिणे चांगले.

सर्व्हरवर काहीही न चालवता रिंग उभारण्याची पद्धत अलीकडे रुळली आहे. ‘अनियनरिंग’ ही जावास्क्रिप्ट आज्ञावली सदस्यांची यादी वाचकाच्या ब्राउझरमध्येच उलगडते. निओसिटीजसारख्या, फक्त स्थिर (सर्व्हरवर आज्ञावली न चालवता जशीच्या तशी दाखवली जाणारी) पाने ठेवता येणाऱ्या जागी ती फार सोयीची पडते. पण ही सोय विश्वासावर उभी आहे: मध्यवर्ती फाइल बदलणारा माणूस प्रत्येक सदस्याच्या पानावर हवा तो कोड चालवू शकतो. साधे दुवे लावले तर हा धोका उरत नाही आणि जावास्क्रिप्ट बंद ठेवणाऱ्यालाही रिंग फिरता येते. रस्ट भाषेतले ‘रिंगफेअरी’ सदस्यांच्या यादीवरून रिंगची स्थिर पाने आधीच तयार करून ठेवते.

ड्रू डिव्हॉल्ट यांचे गो भाषेतले ‘ओपनरिंग’ वेगळ्या वाटेने जाते. स्थळ तयार होताना ते मालकाने निवडलेल्या स्थळांच्या आरएसएस फीडमधून (नव्या लेखांची आपोआप वाचता येणारी यादी) ताजे लेख उचलते आणि साच्यात बसवून पानाच्या तळाशी दाखवते. इथे मध्यवर्ती सर्व्हर नाही, समान यादीही नाही. कडे पूर्ण होईलच याची खात्री नसल्याने काटेकोर अर्थाने याला रिंग म्हणता येणार नाही. वाचकाला मात्र नुसत्या नावाऐवजी वाचण्याजोगा लेख समोर मिळतो, आणि ते मला अधिक मोलाचे वाटते.

सदस्यांची यादी गिटच्या (फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीच्या) भांडारात साध्या फाइलच्या रूपात ठेवण्याची प्रथाही आता रूढ आहे. नवा सदस्य पुल रिक्वेस्ट, म्हणजे यादीत बदल करण्याची विनंती, पाठवतो, रिंगचालक ते स्थळ पाहून ती स्वीकारतो, आणि कोणाला कधी घेतले किंवा वगळले याची नोंद सर्वांसमोर राहते. चालकाने काम सोडले तर कोणीही भांडाराची प्रत घेऊन रिंग पुढे चालवू शकतो. डोमेन मात्र अशा प्रतीबरोबर येत नाही. ते एकाच माणसाच्या नावावर असेल आणि त्याचे नूतनीकरण राहिले, तर कोड आणि यादी शाबूत असूनही प्रत्येक सदस्याला आपले दुवे हाताने बदलावे लागतात.