खुली की बंद: अमेरिकेतल्या प्रायमरीचे नियम ठरवतो कोण?

प्रायमरी म्हणजे साधारणपणे पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत मतदारनोंदणी करतानाच आपला पक्षही नोंदवता येतो. बंद प्रायमरीत फक्त त्या पक्षात नोंदलेल्यांना मत देता येते, खुलीत कोणत्याही मतदाराला. प्रायमरीत मत कोणी द्यायचे हे अमेरिकेत एका जागी ठरत नाही. राज्याचे विधिमंडळ कायदा करते. राष्ट्रीय पक्ष अध्यक्षपदाचा उमेदवार निवडणाऱ्या आपल्या अधिवेशनात कोणते प्रतिनिधी बसू द्यायचे ते ठरवतो. अनेक राज्यांत मतदार थेट सार्वमताने नियम बदलतात. आणि या तिघांचे बिनसले की शेवटचा शब्द संघीय न्यायालयाचा असतो. मतदान केंद्रे, मतपत्रिका आणि कर्मचाऱ्यांचा खर्च मात्र बहुतेक ठिकाणी सरकारी तिजोरीतून होतो. म्हणजे ज्याला आत प्रवेश नाही, त्याच्याही करातून. वादाचे मूळ इथेच आहे.

उमेदवारी पुढाऱ्यांच्या हातून काढून मतपेटीत आणण्याची चळवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. विस्कॉन्सिनने १९०३ मध्ये कायदा केला, पुढच्या वर्षी मतदारांनी त्याला मंजुरी दिली, आणि तिथली प्रायमरी पहिल्यापासून खुली राहिली. दक्षिणेत हीच व्यवस्था माणसे बाहेर ठेवण्यासाठी वापरली गेली. टेक्सासात डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकली की निवडणूक जिंकल्यातच जमा होती, आणि त्या प्रायमरीत फक्त गोऱ्यांना प्रवेश होता. तसा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये रद्द केला. मग राज्याने हा अधिकार पक्षाच्या कार्यकारी समितीकडे दिला. १९३२ मध्ये तेही बेकायदा ठरले. त्यानंतर पक्षाच्या अधिवेशनाने स्वतःच ठराव केला, आणि १९३५ मध्ये न्यायालयाने तो पक्षाचा खासगी कारभार म्हणून चालू दिला. १९४४ मध्ये तो निकाल फिरला. साउथ कॅरोलायनाने त्यावर विशेष अधिवेशन भरवून प्रायमरीसंबंधीचे दीडशेच्या आसपास कायदे पुसून टाकले. हेतू एकच: राज्याचा कायदाच उरला नाही, तर पक्ष खासगी क्लब ठरेल. १९४७ मध्ये संघीय न्यायालयाने ही पळवाटही बंद केली. पक्ष ही खासगी संस्था आहे, हा युक्तिवाद आजही न्यायालयात होतो. तो ऐकताना ही वीस वर्षे डोळ्यांआड करता येत नाहीत.

पुढचे टप्पे थोडक्यात. १९८१ मध्ये विस्कॉन्सिनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की राज्याने प्रायमरी खुशाल खुली ठेवावी, पण तिच्यातून ठरलेले प्रतिनिधी राष्ट्रीय अधिवेशनात घेण्याची सक्ती पक्षावर करता येणार नाही. १९८६ मध्ये कनेक्टिकटात उलटे घडले. पक्षालाच दार उघडून पक्ष न नोंदवलेल्या मतदारांना आत घ्यायचे होते आणि राज्याचा कायदा आडवा येत होता. ५ विरुद्ध ४ मतांनी पक्ष जिंकला. २००५ मध्ये ओक्लाहोमातल्या एका लहान पक्षाने इतर पक्षांत नोंदलेल्यांनाही बोलवायचे ठरवले, तेव्हा मात्र न्यायालयाने राज्याची बंदी उचलून धरली. पक्षाच्या हक्कालाही मर्यादा आहे, ती ही.

या सगळ्यांहून दूरगामी ठरला तो २००० सालचा कॅलिफोर्नियाचा निकाल. मार्च १९९६ मध्ये तिथल्या मतदारांनी सुमारे साठ टक्क्यांच्या बहुमताने बंद प्रायमरी मोडून ब्लँकेट प्रायमरी आणली. सर्व पक्षांचे सर्व उमेदवार एकाच मतपत्रिकेवर. मतदाराने गव्हर्नरसाठी एका पक्षातला, सिनेटसाठी दुसऱ्या पक्षातला उमेदवार निवडावा. प्रत्येक पक्षाच्या उमेदवारांपैकी ज्याला जास्त मते, तो त्या पक्षाचा अधिकृत उमेदवार. वॉशिंग्टन राज्यात ही पद्धत १९३५ पासून चालू होती आणि तिने तिथला एकही पक्ष बुडाला नव्हता. कॅलिफोर्नियात मात्र चार पक्ष एकत्र न्यायालयात गेले. त्यांत दोन मोठे होते आणि दोन लहान.

मधल्या काळात एक अडचण उभी राहिली, ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. अध्यक्षपदाच्या प्रायमरीतून राष्ट्रीय अधिवेशनाचे प्रतिनिधी ठरतात, आणि राष्ट्रीय पक्षाचे नियम पक्षाबाहेरच्या मतदारांच्या मतांना मान्यता देत नव्हते. म्हणून मार्च २००० मध्ये मतपत्रिकांवर मतदाराच्या पक्षाची सांकेतिक खूण छापली गेली आणि मोजणी दोनदा झाली. एकदा सगळ्यांची मते, आणि एकदा फक्त त्या पक्षात नोंदलेल्यांची. लोकांना दाखवायचा आकडा पहिला, प्रतिनिधी ठरवायचा दुसरा. मतदाराला मत देऊ दिले, पण त्या मताने काही ठरत नव्हते.

जून २००० मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी ब्लँकेट प्रायमरी रद्द झाली. राज्याने सात कारणे मांडली होती. त्यांत मतदारांना जास्त पर्याय, मतदानात वाढ, मतदाराची गोपनीयता ही होती. बहुमताला त्यांपैकी एकही पुरेसे वाटले नाही. पक्षाचा उमेदवार निवडणे हा पक्षाच्या संघटनस्वातंत्र्याचा गाभा आहे, आणि विरोधकांनी एकदा जरी उमेदवार ठरवला तरी पक्षाचे नुकसान होते, ही त्यामागची भूमिका. भूमिका सुसंगत आहे. पण खर्च, छपाई, मोजणी सगळे सरकारकडून घेणाऱ्या संस्थेला इतके खासगीपण का द्यावे, याचे समाधानकारक उत्तर त्या निकालात सापडत नाही. दोन न्यायमूर्तींच्या विरोधी मताचा रोख याच मुद्द्यावर होता.

या निकालाने दोन गोष्टी अर्धवट सोडल्या, आणि पुढची पंचवीस वर्षे त्यांच्याभोवतीच फिरली. पहिली: साधी खुली प्रायमरी वैध आहे की नाही, यावर न्यायालयाने निर्णय दिला नाही. तिच्यात मतदार निदान एका पक्षाची मतपत्रिका निवडतो आणि त्या दिवसापुरता त्या पक्षाशी जोडला जातो, एवढा फरक नोंदवून प्रश्न मोकळा ठेवला. दुसरी: प्रायमरीतून पक्षाचा उमेदवार ठरतच नसेल, तर पक्षाची तक्रारही राहणार नाही, अशी वाट न्यायालयाने स्वतःच दाखवली.

वॉशिंग्टनने २००४ मध्ये ती वाट धरली. सगळे उमेदवार एकत्र, पहिले दोन पुढे, मग ते एकाच पक्षाचे असले तरी चालतील. उमेदवाराच्या नावाखाली ‘अमुक पक्षाला पसंती’ एवढेच छापायचे. पक्षाचा पाठिंबा आहे असे त्यातून सूचित होत नाही, या आधारावर २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत टिकवली. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये तीच स्वीकारली आणि २०१२ मध्ये पहिल्यांदा वापरली. त्याच वर्षी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, एका मतदारसंघात तिचा दोष उघडा पडला. डेमोक्रॅटिक कल असलेल्या भागात चार डेमोक्रॅट उभे राहिले, मते फुटली, आणि दोन्ही रिपब्लिकन पुढे गेले. नोव्हेंबरच्या फेरीत बाहेरचे नाव लिहून मत देण्याची सोयही नव्हती. लहान पक्षांची नावे तर दुसऱ्या फेरीतून जवळजवळ नाहीशी झाली.

अध्यक्षपदाची प्रायमरी कॅलिफोर्नियात या पद्धतीबाहेर आहे. तिथे परक्यांना घ्यायचे की नाही ते प्रत्येक पक्ष ठरवतो. २०१६ मध्ये डेमोक्रॅटांनी पक्ष न नोंदवलेल्यांना घेतले, रिपब्लिकनांनी नाही. पण टपालाने मत देणाऱ्या अशा मतदाराने आधी पक्षाची मतपत्रिका मागून घेतली नसेल, तर त्याच्या घरी येणाऱ्या मतपत्रिकेवर अध्यक्षपदाचा रकानाच नसे. शिवाय नावात ‘इंडिपेंडंट’ शब्द असलेला एक लहान पक्ष तिथे आहे. आपण कोणत्याच पक्षात नाही, या समजुतीने हजारोंनी त्यात नाव नोंदवले होते.

बंद राज्यांत अडचण तारखांची. न्यूयॉर्कमध्ये १९ एप्रिल २०१६ च्या प्रायमरीसाठी पक्ष बदलण्याची शेवटची तारीख ९ ऑक्टोबर २०१५ होती. प्रचार तापण्याआधीच दार लागले. २०१९ च्या दुरुस्तीने ती तारीख १४ फेब्रुवारीवर आली. न्यू जर्सीत, जिथे मराठी कुटुंबे बरीच आहेत, पक्ष न नोंदवलेला नागरिक मतदानाच्या दिवशी केंद्रावरच पक्ष सांगून मत देऊ शकतो. मात्र त्या क्षणी त्याची त्या पक्षात नोंद होते, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचे तर ५५ दिवस आधी अर्ज करावा लागतो. हे न कळल्याने लोक परत पाठवले जातात. कोलोरॅडोत २०१६ च्या सार्वमतानंतर अशा मतदाराला दोन्ही मोठ्या पक्षांच्या मतपत्रिका टपालाने येतात. भरून एकच पाठवायची. दोन्ही पाठवल्या तर दोन्ही बाद.

अलीकडचा प्रवाह दोन्ही दिशांनी वाहतो आहे. फ्लोरिडात २०२० मध्ये प्रायमरी खुली करण्याच्या बाजूने ५७ टक्के मते पडली, पण घटनादुरुस्तीला ६० टक्के लागत होती. अलास्काने त्याच वर्षी पहिले चार उमेदवार पुढे नेणारी पद्धत घेतली आणि २०२४ मध्ये ती अगदी थोडक्या मतांनी वाचली. त्याच २०२४ मध्ये ॲरिझोना, नेवाडा, आयडाहो, साउथ डकोटा, मोंटाना आणि कोलोरॅडो यांनी असे प्रस्ताव फेटाळले. लुईझियानाने १९७० च्या दशकापासूनची सर्वांना एकत्र उतरवणारी पद्धत काही पदांसाठी सोडून पक्षनिहाय प्रायमरीचा कायदा केला. न्यू मेक्सिकोने २०२५ मध्ये पक्ष न नोंदवलेल्यांना आत घेतले. आणि टेक्सासात, जिथे मतदारनोंदणीत पक्षाचा रकानाच नाही, रिपब्लिकन पक्षाने आपली प्रायमरी बंद करून मिळावी म्हणून २०२५ मध्ये संघीय न्यायालयात दावा लावला. २००० च्या निकालाने जो प्रश्न मोकळा सोडला होता, तोच हा.