झाकण बसलं म्हणजे सूप टिकलं असं नाही
फ्रीजरमधल्या उरलेल्या मांसाचं सूप बरणीत भरून तीन तास उकळत्या पाण्यात ठेवलं की वर्षभर टिकतं, हा समज अमेरिकेत अजून फिरतो. तो जिवावर बेतू शकतो. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांपुढे तापत नाही. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंचे बीजाणू त्यात तग धरतात आणि हवाबंद, आंबट नसलेल्या सुपात वाढून विष तयार करतात. वास येईलच असं नाही.

प्रेशर कॅनरच हवा, म्हणजे बरण्या दाबाखाली १०० अंशांहून जास्त तापवणारं मोठं भांडं. दहा मिनिटं वाफ सोडा, मग १० पौंड दाबावर (दाब वजनाने राखणारा गेज, समुद्रसपाटीपासून १००० फूट उंचीपर्यंत) पाइंट (सुमारे अर्धा लिटर) बरणी ६० मिनिटं, क्वार्ट (सुमारे एक लिटर) ७५. मांस आधी शिजवा, चरबी काढा. निम्म्या बरणीपर्यंत फोडी, वर रस, एक इंच मोकळं. भात, नूडल्स, मैदा, क्रीम अजिबात नको: दाट सुपात उष्णता मध्यापर्यंत पोचत नाही. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांतला डाळ-भाताचा कुकरही चालत नाही. तो झटकन तापतो नि निवतो, त्यामुळे या वेळा त्याला लागू होत नाहीत.