निगेटिव्ह रिपोर्ट कोणत्या तारखेबद्दल बोलतो?

'शनिवारी कंडोम फाटला, सोमवारी टेस्ट केली, निगेटिव्ह आली, म्हणजे सुटलो.' कॉलेजच्या वयात हा हिशेब अनेक जण मनाशी मांडतात आणि तो सपशेल चुकीचा आहे. सोमवारची एचआयव्ही चाचणी शनिवारबद्दल अवाक्षरही सांगत नाही. चाचणीच्या प्रकारानुसार ती महिना-दीड महिन्यापूर्वीपर्यंतची किंवा तीन महिन्यांपूर्वीपर्यंतची खात्री देते, त्यानंतरची नाही. या मधल्या काळाला विंडो पीरिअड म्हणतात.

विषाणू शरीरात शिरल्यावर लगेच रक्तात दिसत नाही. आधी तो शिरल्या जागेच्या पेशींत आणि मग जवळच्या लसिका ग्रंथींत वाढतो. हे पहिले साधारण १० दिवस कोणत्याही चाचणीच्या हाती काही लागत नाही. मग तो रक्तात उतरतो आणि झपाट्याने वाढून दर मिलीलिटरला लाखोंच्या घरात जातो. सर्वांत आधी सापडतो तो त्याचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय धागा. नॅट ही चाचणी या आरएनएच्या प्रती वाढवून शोधते, म्हणून ती १० ते ३३ दिवसांत संसर्ग पकडते. पण ती खर्चीक आहे, सरसकट केली जात नाही.

दुसरी खूण म्हणजे पी२४ हे प्रथिन. विषाणूच्या पोटात शंकूच्या आकाराचं एक कवच असतं आणि ते एकट्या पी२४ च्या सुमारे १५०० रेणूंनी बांधलेलं असतं. एका विषाणूमागे आरएनएचे धागे दोनच आणि पी२४ मात्र दीड हजार. म्हणूनच प्रती न वाढवताही हे प्रथिन थेट पकडता येतं, साधारण दोन-अडीच आठवड्यांपासून. तिसरी खूण आपल्या शरीराची: विषाणूविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडी. त्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दिसू लागतात, काहींत बऱ्याच उशिरा.

इथे एक सुंदर गुंतागुंत आहे. अँटिबॉडी वाढू लागल्या की त्या पी२४ लाच जाऊन चिकटतात. त्यामुळे फक्त पी२४ शोधणारी चाचणी काही दिवस पॉझिटिव्ह येऊन पुन्हा निगेटिव्ह व्हायला लागते. नुसत्या अँटिबॉडी शोधणारी चाचणी आधीचे दिवस गमावते आणि नुसतं पी२४ शोधणारी नंतरचे. चौथ्या पिढीची एलायझा ही प्रयोगशाळेतली चाचणी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शोधते. तिच्या छोट्या खळग्याच्या तळाशी विषाणूची प्रथिनंही चिकटवलेली असतात आणि पी२४ ला धरणाऱ्या अँटिबॉडीही. रक्तातला द्रव त्यात घातला की जे जुळेल ते तळाला अडकतं. खळगा धुतात, अडकलेल्या गोष्टीला एन्झाइम लावतात, पुन्हा धुतात आणि रंग देणारं द्रव्य घालतात. रंग किती गडद आला, ते यंत्र मोजतं. धुण्यात कसर राहिली तर सुटं एन्झाइम मागे उरतं आणि निरोगी माणसाच्या नमुन्यालाही रंग येतो. शिरेतून काढलेल्या रक्तावर ही चाचणी १८ ते ४५ दिवसांत संसर्ग दाखवते. फक्त अँटिबॉडी पाहणाऱ्या बहुतेक रॅपिड टेस्टना मात्र २३ ते ९० दिवस लागतात. त्यामुळे कोणती चाचणी झाली हे विचारल्याशिवाय 'निगेटिव्ह' या शब्दाला अर्थ येत नाही.

रॅपिड टेस्टमध्ये बोटाला टोचताना स्पिरिट पूर्ण वाळू द्यावं, पहिला थेंब पुसावा आणि बोट पिळू नये, कारण पिळल्याने ऊतींतलं पाणी मिसळून रक्त पातळ होतं. बफर या सोबत मिळणाऱ्या द्रवाचे थेंब किटच्या सूचनेत असतील तितकेच घालावेत. 'सी' ही पट्टी नीट चालल्याची रेघ उमटली नाही तर ती पट्टी बाद, मग 'टी' या निकालाच्या रेघेपाशी काहीही दिसो. नवी पट्टी घ्यायची. 'टी'ची रेघ पुसट असली तरी ती रिअॅक्टिव्हच, म्हणजे संसर्गाचा संशय दाखवणारी, धरायची. आणि वाचायचं ते सांगितलेल्या मिनिटांतच. तासाभराने पट्टी वाळल्यावर उमटलेल्या रेघेला काही किंमत नाही.

आता रिअॅक्टिव्ह आली तर? एक गणित करू. एक लाख लोकांत २०० जणांना संसर्ग आहे आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ९९.५ टक्के अचूक आहे असं धरा. संसर्ग असलेल्यांपैकी १९९ सापडतील. उरलेल्या ९९,८०० जणांपैकी अर्धा टक्का, म्हणजे ४९९, उगाच रिअॅक्टिव्ह येतील. एकूण ६९८ रिअॅक्टिव्ह, त्यांतले खरे १९९, म्हणजे तीनांत एकही धड नाही! चाचणी वाईट नाही. संसर्ग विरळ असला की गणितच असं येतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते, की लागोपाठ तीन वेगवेगळ्या चाचण्या रिअॅक्टिव्ह आल्यावरच निदान करावं. एका पट्टीवरून कोणीही स्वतःला किंवा दुसऱ्याला पॉझिटिव्ह ठरवू नये.

धोक्याचे आकडे संसर्ग असलेल्या, उपचार न घेणाऱ्या जोडीदाराबाबतचे आहेत. दर १०,००० प्रसंगांमागे अंदाजे किती संसर्ग होतात ते पाहा: गुदसंभोगात स्वीकारणाऱ्याला १३८, योनीसंभोगात स्त्रीला ८, पुरुषाला ४, सुई वाटून घेतल्यास ६३. ही सरासरी आहे. जोडीदाराचा संसर्ग ताजा असेल किंवा दोघांपैकी कोणाला जननेंद्रियावर व्रण असेल, तर आकडा बराच वर जातो. मिठी, एकच ताट, डास, शौचालय यांनी एचआयव्ही पसरत नाही.

मग शनिवारी कंडोम फाटला तर सोमवारी करायचं काय? पेप घ्यायची, म्हणजे संसर्ग रुजण्याआधीची औषधं. ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं चांगलं. सहसा तीन औषधं, २८ दिवस, एकही दिवस न चुकवता. विषाणूला आपला आरएनए डीएनएत उतरवून पेशीच्या गुणसूत्रात घुसवायचा असतो. औषधं या दोन्ही पायऱ्या अडवतात. एकदा तो गुणसूत्रात बसला की पेप निरुपयोगी. सोमवारची चाचणी तेव्हाही करतातच, पण ती आधीपासून संसर्ग नाही ना हे पाहण्यासाठी. सोबत हिपॅटायटिस बी तपासून घ्यावा, कारण यातलं टेनोफोव्हिर हे औषध त्यावरही चालतं आणि ते अचानक थांबवल्यावर तो उसळू शकतो. पुढच्या चाचण्या ४ ते ६ आठवड्यांनी आणि १२ आठवड्यांनी.

'पॉझिटिव्हचा निगेटिव्ह करून देतो' म्हणणाऱ्या बुवा-वैद्यांची युक्ती इथेच कळते. रुग्ण दवाखान्यातल्या गोळ्या घेत असतो, त्यामुळे रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी होतो आणि तो रिपोर्ट हे लोक स्वतःच्या काढ्याच्या नावावर खपवतात. गुणसूत्रात दडलेला विषाणू तिथेच असतो. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांत तो काही आठवड्यांत परततो. हे लोक जीव घेतात, त्यांना सौम्य शब्द वापरायचं कारण नाही. गोळ्या नियमित घेऊन विषाणू दबलेला असेल, तर जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. २०१९ च्या पार्टनर-२ अभ्यासात अशा ७८२ पुरुष जोडप्यांमध्ये कंडोमविना ७६,००० हून अधिक संबंध आले, पण जोडीदाराकडून एकही लागण झाली नाही.

कंडोमबद्दल एवढंच: लॅटेक्सला तेल, व्हॅसलीन, लोशन लावू नये, त्याने ते काही मिनिटांत कमकुवत होतं, वंगण पाण्याचं किंवा सिलिकॉनचं हवं. आणि एकावर एक दोन चढवू नयेत.

धोका वारंवार येत असेल तर प्रेप, म्हणजे धोका येण्याआधीपासूनच घ्यायची औषधं. रोजच्या गोळीत सहसा दोनच औषधं असतात. ती संसर्ग रोखायला पुरतात, पण झालेला संसर्ग दाबायला पुरत नाहीत. कोणी विंडो पीरिअडमधल्या निगेटिव्ह रिपोर्टवर प्रेप सुरू केली, तर आत वाढणारा विषाणू या अपुऱ्या माऱ्यातून औषधाला न जुमानणारा होऊ शकतो. म्हणून सुरू करण्याआधी चाचणी आणि नंतर दर तीन महिन्यांनी. अमेरिकेत जून २०२५ मध्ये मंजूर झालेलं लेनाकापाव्हिर हे इंजेक्शन वर्षातून दोनदाच घ्यावं लागतं, पण प्रत्येक इंजेक्शनआधी चाचणी त्यालाही चुकत नाही.