भीमगड अभयारण्य

भीमगड अभयारण्य : बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातले सह्याद्रीचे संरक्षित जंगल. २०११ साली घोषित झाले. क्षेत्रफळ सुमारे १९० चौ. किमी. पश्चिमेला ते गोव्यातील म्हादई आणि भगवान महावीर अभयारण्यांच्या रानाशी जोडलेले आहे. गवाळी, कोंगळा, पास्टोली, आमगाव, कृष्णापूर, देगाव, तळेवाडी ही इथली मराठी बोलणारी गावे. नाव ज्या किल्ल्यावरून पडले, तो शिवकाळात पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यासाठी वापरात होता.

हा भाग म्हणजे पाण्याची वाटणी. कणकुंबीच्या माउली देवळापाशी उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. देगावच्या रानात उगम पावणारी म्हादई मात्र गोव्यात उतरते आणि मांडवी म्हणून पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. एकाच तालुक्यातल्या पावसाचा काही भाग अशा रीतीने बंगालच्या उपसागरात जातो. कळसा आणि भांडुरा या म्हादईच्या ओढ्यांचे पाणी मलप्रभेत वळवण्यावरून कर्नाटक आणि गोव्यात चाललेला वादही इथलाच. लवादाने २०१८ मध्ये म्हादईचे १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी कर्नाटकाला दिले.

तळेवाडी-कृष्णापूर परिसरातील बारापेडे गुहा रॉटनच्या वटवाघळासाठी प्रसिद्ध आहेत. शास्त्राला ही जात १९१३ साली याच गुहांतून कळली आणि पुढे कित्येक वर्षे जगात दुसरीकडे कुठे सापडली नव्हती. गुहेत बॅटरीचा झोत, धूर किंवा आरडाओरडा झाला की वटवाघळे भर दिवसा उठतात आणि अंगाला बिलगलेली पिल्ले खाली पडण्याची भीती असते. म्हणून परवानगीशिवाय तिकडे वळूच नये. रानात गवा, अस्वल, बिबट्या, वाघ, शेकरू, धनेश आणि नागराज आहेत. पायी फिरणाऱ्याने वाघापेक्षा अस्वलाची धास्ती बाळगावी : समोरासमोर आले की ते पळत नाही, थेट अंगावर येते. पहाटे आणि तिन्हीसांजेला पायवाटेने एकट्याने जाऊ नये.

खानापूर हे बेळगाव-लोंढा लोहमार्गावरचे स्थानक. तिथून एक रस्ता हेम्मडग्यामार्गे अनमोडकडे, दुसरा जांबोटीकडे जातो. बसच्या पाट्या बहुधा कानडीत असतात. गावाचे नाव सांगून कंडक्टरला मराठीत विचारले तरी चालते. पेट्रोल खानापुरातच भरून घ्यावे. आत मोबाइलला रेंजही नसते. गडावर किंवा आतल्या वाटांवर जायचे तर वनखात्याची लेखी परवानगी आणि गावातला वाटाड्या, दोन्ही लागतात. चकवणाऱ्या वाटा गुरांच्या असतात. त्या रानात शिरून मध्येच संपतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात ओढ्यांवरचे लाकडी साकव वाहून जातात आणि गावांचा संपर्क तुटतो. आजारी माणसाला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. धबधब्यांवर जायला अलीकडे पावसाळ्यात मनाई असते, त्यात गवाळीकडचा वज्रपोहाही आला. जळवांसाठी मीठ जवळ ठेवावे. मीठ टाकले की जळू आपोआप सुटते, रक्त मात्र कशीही काढली तरी काही वेळ वाहते. कोरड्या महिन्यांत गोचिडांची काळजी जास्त घ्यावी, कारण शेजारच्या सत्तरी व दोडामार्ग भागांत माकडताप आढळला आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, मेलेल्या माकडाजवळ जाऊ नये. परतल्यावर आठ-दहा दिवसांत ताप आला, तर रानात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

तळेवाडीतील कुटुंबांचे स्वेच्छा पुनर्वसन सुरू झाले आहे. गावात पोचल्यावर जेवण मिळेलच असे धरून चालू नये. आदल्या दिवशी निरोप धाडावा. भात, आमटी, नाचणीची भाकरी मिळते. तेवढ्याचेही पैसे द्यावेत, ते मागणार नाहीत.

समुद्र गाठायचा तर जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी असे उतरत पणजीला यावे. घाटात पावसाळी धुके इतके दाट असते की समोरची लॉरी दिव्यांवरूनच ओळखावी लागते. तेव्हा दुपारीच उतरावे. परतताना कणकुंबीच्या नाक्यावर गोव्याच्या दारूसाठी गाड्या तपासतात.